ओसरीवरची मागची सीट

"माझी बसायची जागा कापलीत तुम्ही."

"तुझी जागा पुढं हाय की. ऐसपैस बस."

"पुढं डायव्हर बसतो, न्हाईतर क्लीनर. मालकीण मागं बसती."

"मग मालकिणीनं मेथीच्या जुड्यांवर बसावं. त्या बी मागंच हायेत."

हे भांडण मी चुलीपुढे बसून ऐकलं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. नव्या सुनेने मध्ये बोलायचं नसतं एवढं शिकवून पाठवलं होतं, पण कान झाकून घ्यायचे असं काही कोणी सांगितलं नव्हतं. बाहेर अंगणात माझे सासरे गेनबा आणि सासूबाई यमुनाबाई समोरासमोर उभे, आणि दोघांच्या मध्ये आमची मोटार. म्हणजे मोटारीचा पुढचा अर्धा भाग. मागचा अर्धा चिंचेखाली पडला होता.

भांडण सासूसासऱ्यांचं, पण ते जन्मभर वाहिलं माझ्या धाकट्या दिराने, जयसिंग भाऊजींनी. त्यांच्याबद्दल लिहायचं तर सुरुवात इथूनच करावी लागते.

गाडी विलायती होती, व्हॅनगार्ड नावाची. खडकीच्या छावणीतला कोणी साहेब बिऱ्हाड आवरून निघाला तेव्हा मामंजींनी ती घेतली. नाक फुगीर, पाठीला बाक आलेला, लांबून पाहिलं की चरायला सोडलेली म्हैस वाटावी. गियरचा दांडा खाली नव्हता, स्टिअरिंगलाच काडीसारखा चिकटवलेला. तेव्हा आमचं कळस पुण्यात आलेलं नव्हतं. विश्रांतवाडी मागे पडली की आळंदी रस्त्याच्या दोन्ही अंगांना मळे. त्या मळ्यांत मोटार एकच आणि मोटारीच्या मागच्या सीटवर बसणारी बाईही एकच. लग्नकार्याला निघाल्या की सासूबाई मागे एकट्या बसायच्या, अगदी मधोमध, दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवून. शेजारी कोणी बसलेलं त्यांना खपत नसे. पोरं सगळी पुढे, बापाजवळ कोंबलेली.

मग भाजीचा बाजार मंडईतून उठून मार्केट यार्डात गेला. बैलांना मंडई झेपत होती, मार्केट यार्ड नाही. मेथी-कोथिंबीर तिथे पोचेपर्यंत मान टाकायची. मामंजींच्या दारात एक मोटार रिकामी उभी होती आणि तिची पाठ त्यांच्या डोळ्यांत खुपायला लागली. सासूबाई नात्यातल्या एका जावळाला गेल्या, तेवढा दिवस साधून त्यांनी येरवड्याहून गॅसकटरवाला आणला. छप्पर, मागचे दरवाजे, डिकी, सगळं कापून काढलं आणि उरल्या जागी फळ्या ठोकून हौदा केला. कापताना मागचा भाग कोणीतरी धरायला हवा होता. तो भाऊजींनी धरला. मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं त्यांचं. बाप म्हणाला धर, पोराने धरला.

सासूबाई परतल्या तेव्हा शेवटचा तुकडा अजून भाऊजींच्या हातात होता. नवऱ्याशी काय झालं ते वर सांगितलंच. आत येता येता त्या पोरापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तू बी धरलीस व्हय रं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर तो कधीतरी उतरला असता.

मागची सीट चिंचेखाली उताणी पडली होती. सासूबाईंनी ती भाऊजींनाच उचलायला लावली, ओसरीवर भिंतीला लावून ठेवून घेतली आणि तिच्यावर मधोमध बसल्या. दोन्ही हात दोन्ही बाजूंना. त्या दिवसापासून त्या गाडीत त्यांनी पाय ठेवला नाही. आळंदीला जायच्या तर एसटीने. मामंजी हौदा घेऊन रस्त्याने शेजारून जायचे, हॉर्न वाजवायचे. सासूबाई समोरच्या झाडाकडे बघत राहायच्या, जसं काही त्या झाडाला आजच पानं फुटलीत. घरी मात्र लसूण सोलणं, नातवंडं झोपवणं, आल्यागेल्याची चौकशी, सगळं त्या सीटवरून चालायचं. आमच्या ओसरीला चाकं नव्हती इतकंच.

हौदा चालवायचं काम भाऊजींकडे आलं. लोक त्यांना अबोल म्हणायचे. ते खरं नाही. ते मोजकं बोलायचे आणि त्यातलं निम्मं मार्केट यार्डातलं असायचं. लग्नात मांडवाशी वरातीची माणसं आणून सोडली तरी "माल पोच" म्हणायचे. माझी पहिली मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून आम्हा दोघींना त्यांनीच आणलं आणि ओसरीवरच्या सासूबाईंना सांगितलं, "आई, माल पोच. दोन नग." सासूबाई हसल्या, पण गाडीकडे न बघता.

गाडी लावायची त्यांची एक रीत होती. उलटी घेऊन चिंचेखाली लावायची, मागच्या चाकाला वीट लावायची, आणि मग बॉनेट उघडून इंजिनाजवळ तळहात धरायचा, पोराच्या कपाळाचा ताप बघतात तसा. हात काढला की काम संपलं. मग चहा. एकच कुरकूर त्यांची कायम असायची: हौद्याच्या तळाच्या फळ्या उगीच वीतभर उंच बसवल्यात, त्यामुळे माल कमी बसतो. मामंजींना दरवेळी म्हणायचे, "आबा, फळ्या खाली घेऊ का." मामंजींचं उत्तर ठरलेलं: "ऱ्हाऊ दे."

हौद्याचं सगळ्यांत मोठं काम भाऊबिजेच्या सकाळी असायचं. त्यांची थोरली बहीण, माझी नणंद सरूवन्स, चऱ्होलीला दिलेली. तिचं सासर सरळ नव्हतं. सासू समोर असली की तिने मान वर करायची नाही, असा तिथला कायदा. भाऊजी तिला आणायला जायचे ते हौदा घेऊन. जाताना हौद्यात मटाराची पोती पसरून जायचे, बसायला मऊ म्हणून. चऱ्होलीची वेस ओलांडली की सरूवन्स डोक्यावरचा पदर खाली टाकायची, पाय लांब करायची, पोत्यात हात घालून मटार सोलून खात यायची. कळसला उतरेपर्यंत तिचे केस म्हणजे कावळ्याचं घरटं. भाऊजी दारातून मला हाक मारायचे, "वहिनी, माल पोच. उतरवून घ्या."

"माल कुणाला म्हंतोस रं, मुडद्या."

"मटार कमी भरलाय, वहिनी. वाटेत कुणीतरी खाल्लाय."

हे दरवर्षी. शब्दसुद्धा बदलले नाहीत.

पुढे मामंजी गेले. काही वर्षांनी सासूबाई गेल्या, त्या सीटवरच, दुपारच्या चहाची वाट बघत. मळे गेले, मळ्यांवर इमारती आल्या, आम्हीही त्यातल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायला गेलो. भाऊजी शाळेची बस चालवायला लागले. सीट हॉलमध्ये आली, टीव्हीसमोर. गाडी खाली पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. तेव्हा भाऊजी सरूवन्सला भाऊबिजेला रिक्षाने आणायचे. माल पोच म्हणायचे, पण आवाजात दम नसायचा.

बसवरून निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी ताडपत्री काढली. माझी जाऊ, भाऊजींची बायको कौशल्या, बाल्कनीतून बघत होती. म्हणाली, "गेले. आता जेवायला हाक मारायची तरी खाली जावं लागणार."

चहाच्या वेळी मी विचारलं, "भाऊजी, गाडीचं काय करताय."

"पुरी करतोय."

"म्हणजे?"

"छप्पर, डिकी, मागचे दरवाजे. हुती तशी. आन् आईची सीट आत."

आई जाऊन किती वर्षं झाली होती, आणि आता तिचं भांडण मिटवायला निघाले होते. माणूस साठीनंतर काय काय धरतो. कोणी भजन धरतं, कोणी साखर. यांनी आपली धरलेली पाठ परत जोडायचं धरलं.

माझा नातू योगेश कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, त्याला कळल्यावर त्याच्या अंगात आलं. त्याने इंटरनेटवर शोधून सांगितलं की ही गाडी आता फार दुर्मीळ आहे. "आप्पा, आपण हिला टोटल चेंज करू. जुनं इंजिन काढायचं, नवीन डिझेल टाकायचं. पॉवर स्टिअरिंग, एसी, ब्लूटूथ."

"मग व्हॅनगार्डचं काय ऱ्हाईल?"

"लुक राहील ना."

"लुक म्हंजे पत्रा. त्यो आबानं आधीच कापलाय."

योगेशने मग जुन्या गाड्यांच्या क्लबातल्या एका गृहस्थांना आणलं. एरंडवण्याचे, पांढरे कपडे, बोलणं मोजूनमापून. त्यांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, हौद्याकडे बघून डोळे मिटले आणि म्हणाले, "अहो, आपण एक करा. कारखान्यातून निघाली तशी करा, नाहीतर ताडपत्री परत घाला. मधलं काही करू नका. आपल्याकडे लोकांना मधलंच फार सुचतं."

"हौदा कारखान्यातनं न्हाई निघाला," भाऊजी म्हणाले.

"त्याचा अंदाज आला."

माणूस मात्र चांगला. जाताना आपणहून गाडीच्या कार्बोरेटरची जुनी पुस्तकं पाठवतो म्हणाला, आणि पाठवलीही.

इंजिनाचं काम आधी निघालं. पिस्टन घासून गेलेले, आणि नवे जगात कुठे मिळेनात. तेव्हा भाऊजींना मामंजींचं बोलणं आठवलं. व्हॅनगार्डचं इंजिन आणि जुन्या करड्या फर्ग्युसन ट्रॅक्टरचं इंजिन एकाच घराण्यातलं, आतले भाग एकमेकांना चालतात. करडा ट्रॅक्टर गावात एकच उरला होता, तो बाबुरावच्या हॉटेलाच्या दारात. बाबुराव शाळेत भाऊजींच्या बाकावर बसायचा. मळा विकून त्याने गावरान थाळीचं हॉटेल काढलं, दारात बैलगाडी, विहिरीचा रहाट आणि ट्रॅक्टर मांडला. आयटीची पोरं जेवून झाली की ट्रॅक्टरवर बसून फोटो काढतात.

मला घेऊन भाऊजी तिथे जेवायला गेले. इतक्या वर्षांत मला कधी हॉटेलात नेलं नव्हतं, तेव्हाच ओळखायला हवं होतं. पिठल्यावर हात मारता मारता म्हणाले, "बाबुराव, तुझा ट्रॅक्टर चालतो का रं."

"चालतोय कशाला. पोरं बसत्यात."

"बसायला पिस्टन लागतात का."

बाबुरावने भाकरीचा तुकडा हवेतच धरला. "जयसिंग, तू जेवायला आलायस का ऑपरेशनला."

"वरनं कळणार न्हाई. टाके दिसणार न्हाईत."

"आन् कुणी चालू करून बघितला तर?"

"तुझ्या हॉटेलातला रहाट कुणी ओढून बघितलाय का आजपर्यंत."

बाबुराव मला म्हणाला, "वहिनी, तुमचा दीर लहानपणी माझी पेन्सिल अशीच न्यायचा. टोपण मला ठेवायचा." पण हो म्हणाला. सोमवारी हॉटेल बंद असतं, त्या दिवशी काम झालं. ट्रॅक्टर अजून तिथे उभा आहे, आतून रिकामा, आणि फोटोत पूर्वीइतकाच छान येतो.

इंजिन सुरू झालं त्या दिवशी इमारतीतल्या निम्म्या लोकांना वाटलं बोअर मारतायत.

मग पाठीचा प्रश्न. योगेशने कोल्हापूरच्या एका भंगारवाल्याकडे दुसऱ्या व्हॅनगार्डचा मागचा सबंध भाग शोधला, छपरापासून डिकीपर्यंत. टेम्पोतून आला. आता पार्किंगमध्ये पुढचा भाग आमचा, शेजारी मागचा भाग कोल्हापूरचा, दोघे एकमेकांकडे पाठ करून उभे. जोडायचं तेवढं राहिलं.

भाऊजी खूश होते. सरूवन्सला फोन लावून मोठ्याने सांगितलं, "आक्का, या दिवाळीला छपराखालनं आणतो तुला. आईच्या सीटवर."

तिकडून काही बोलणं आलं. भाऊजींचा चेहरा उतरला. फोन माझ्या हातात दिला.

"वैनी, त्याला सांग," सरूवन्स म्हणत होती, "छप्पर लावलंस तर मी येणार न्हाई. सासरी आयुष्यभर छपराखालीच बसले मान घालून. माहेरी येताना तेवढं डोक्यावर आभाळ असायचं. ते बी झाकणार का आता."

"पण वन्स, सासूबाईंची..."

"आई ओसरीवर बसली ती बसली. मी हौद्यात बसले. माझं बी काही हाय का न्हाई त्या गाडीत."

तिचं खरं होतं. आणि भाऊजींचंही खरं होतं. आईची जागा द्यायची तर बहिणीची जाते. नणंदेचं वय आणि गुडघे बघता आता किती दिवाळ्या उरल्यात हेही कोणाला माहीत नव्हतं. भाऊजी रोज सकाळी खाली जायचे, कोल्हापूरच्या पाठीवर हात ठेवायचे, आणि वेल्डिंगवाल्याला "उद्या बघू" म्हणून परत पाठवायचे. श्रावण गेला, गणपती गेले. वेल्डिंगवाला शेवटी मलाच म्हणाला, "आजी, काकांना म्हणावं उद्याचा वार तरी सांगा."

कौशल्या म्हणायची, "त्या गाडीची पाठ बदलायची की नाही याचा विचार चाललाय. माझ्या गुडघ्याची वाटी बदलायची म्हटलं तेव्हा दोन मिनिटांत हो म्हणाले होते."

दसऱ्याच्या आधी गाडी धुवायला काढली. हौद्याच्या फळ्या कुजल्या होत्या, कोणतीही पाठ ठेवली तरी त्या बदलायच्याच होत्या. भाऊजींनी पहार घालून पहिली फळी उचकटली. मी वर बाल्कनीत मिरच्यांची देठं काढत होते. खालचा ठोकण्याचा आवाज थांबला आणि बराच वेळ थांबूनच राहिला. मग लिफ्टने वर आले, हात काळे, दारातच उभे.

"वहिनी, खाली या."

फळ्यांच्या खाली आडव्या पट्ट्या होत्या, फळ्या वीतभर उंच उचलून धरणाऱ्या. आणि त्या उंचीत, गाडीच्या मूळ तळाला, सीटचे चारी बोल्ट आपापल्या जागी वर डोकं काढून उभे होते. एकेकाला गोणपाटाची चिंधी गुंडाळलेली, वर सुतळी बांधलेली. भाऊजींनी एक चिंधी सोडली. आत ग्रीस, वाळून गुळासारखं झालेलं. त्याखाली बोल्टवर गंजाचा ठिपका नाही. नट त्यालाच फिरवून ठेवलेला, हरवू नये म्हणून.

"आबानं बोल्ट काढलेच न्हाईत," भाऊजी म्हणाले. "ठेवायचे म्हणून फळ्या उंच ठोकल्या. मी जन्मभर म्हंतोय खाली घेऊ का."

"सीट परत बसवायची होती त्यांना?"

"हौद्यातच. मालकीण मागं बसती म्हणाली हुती न्हवं."

"मग बसवली का नाही? इतकी वर्षं होती."

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. हसू आलं तरी ते त्यांनी तोंडावर येऊ दिलं नाही. "कशी बसवणार? आई उठंल तवा ना तिच्यावरनं."

मी तिथेच कोल्हापूरच्या डिकीवर टेकले आणि हसत सुटले. मामंजी बोल्टांना ग्रीस लावून वाट बघत बसले की ही कधी उठेल, आणि सासूबाई सीटवर बसून वाट बघत राहिल्या की हा कधी म्हणेल, चल, बस गाडीत. दोघांचंही आपापल्या जागी चुकलं नव्हतं. म्हणायचं कोणी, एवढंच राहून गेलं. त्यापायी एक सीट ओसरीवर म्हातारी झाली.

भाऊजी हसले नाहीत. त्यांनी चारी चिंध्या सोडल्या, घडी करून खिशात ठेवल्या. आणि मग त्यांना जे इतके दिवस ठरत नव्हतं ते ठरलं. वेल्डिंगवाल्याला फोन केला, "उद्या ये. पाठ जोडायची न्हाई. पायरी करायचीय."

हौदा राहिला. फळ्या नव्या आल्या, पण खाली मूळ तळाला, आणि चार बोल्टांच्या जागा सोडून. हॉलमधली सीट योगेश आणि वॉचमनने उचलून खाली नेली. टीव्हीसमोर तिचा चौकोन उरला, त्यावर कौशल्याने लगेच कुंडी ठेवली. सीट नव्या कातड्याने मढवू या, असं योगेश म्हणाला. गादीवाला आला, स्प्रिंगा दाबून बघितल्या.

"काका, मधल्या पार बसल्यात. सगळ्या बदलतो."

"कडेच्या बदल. मधल्या ऱ्हाऊ दे."

"मध्ये खड्डा राहील की."

"ऱ्हाऊ दे."

अगदी मामंजींचा आवाज. सासूबाईंनी एकदा फाटलेल्या जागी आपल्या हिरव्या लुगड्याचं ठिगळ लावलं होतं, तेही राहिलं.

ब्रेक मात्र नवे घातले. ब्रेकच्या बाबतीत जुनेपणा चालत नाही हे स्कूलबसचा ड्रायव्हर जाणतो. इंडिकेटरवरून योगेशशी खटका उडाला. भाऊजी म्हणाले, मी हात बाहेर काढून वळतो. योगेश म्हणाला, "आप्पा, हल्ली हात बाहेर काढला तर लोकांना वाटतं तुम्ही त्यांना बाय करताय." मग इंडिकेटर लागले. कारखान्यात नव्हती आणि मामंजींच्या हौद्यातही नव्हती अशी वस्तू एकच: मागे लोखंडाची दोन पायऱ्यांची घडीची शिडी, सरूवन्सच्या गुडघ्यांसाठी. रंग देऊन वाळल्यावर भाऊजी मला म्हणाले, "चढून बघा." मी चढले. सीटच्या कडेला बसले, मध्ये नाही.

चारी नट साध्या पान्याने, थोडं रॉकेल लावल्यावर, विनातक्रार बसले. जणू कालच काढले होते.

क्लबाच्या गृहस्थांना योगेशने फोटो पाठवला, ओसरीवरच्या सीटची गोष्टही सांगितली. ते स्वतः आले. भाऊजींना म्हणाले, "अहो, हे तर मधलंच झालं."

"व्हय. मधलंच."

"रॅलीत याला वर्ग नाही आमच्याकडे. मूळ स्वरूपातल्या गाड्यांचा आहे, बदल केलेल्यांचा आहे. ओसरीतून आलेल्यांचा नाही."

"मग बाहेर उभी करतो."

गृहस्थ हौद्याकडे बघत राहिले. मग चपला काढून पायरी चढले, सीटवर बसले, वर आभाळाकडे बघितलं. जरा वेळाने म्हणाले, "एक चक्कर मारता का." भाऊजींनी त्यांना विश्रांतवाडीपर्यंत फिरवून आणलं. चौकात पोलिसाने अडवलं. कागद बघितले, गाडी बघितली, मागे सीटवर बसलेले पांढऱ्या कपड्यांचे गृहस्थ बघितले.

"काका, ही कार आहे का टेम्पो?"

"पुढनं कार हाय."

"आणि मागून?"

"आईची ओसरी."

पोलिसाने जरा विचार केला आणि म्हणाला, "जा. पण हळू."

कोल्हापूरची पाठ परत न्यायला कोणी तयार होईना. ती गेटजवळ भिंतीला लावून ठेवली. आता वॉचमन तिच्यात खुर्ची टाकून बसतो. मागच्या काचेतून त्याला गेट नीट दिसतं, वर पाऊस लागत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये केबिनच्या खर्चाचा विषय निघाला की सगळे गप्प बसतात.

त्या वर्षी भाऊबिजेला भाऊजी हौदा घेऊन चऱ्होलीला गेले. सरूवन्सने आधी पायरीकडे बघून नाक मुरडलं म्हणे, मी काय म्हातारी झाले का. मग चढली, आईच्या खड्ड्यात मधोमध बसली आणि दोन्ही हात दोन्ही बाजूंना टेकवले. कोणी शिकवलं नव्हतं. अशा तिला चार भाऊबिजा मिळाल्या. चऱ्होलीच्या वाटेवर आता दोन्हीकडे उंच इमारती आहेत. लोक खिडक्यांतून बघायचे, मोबाइल काढायचे, आणि ही सत्तरीच्या पुढची बाई पदर खाली टाकून, मटार सोलत, राणीसारखी जायची.

भाऊजी गेल्या हिवाळ्यात गेले. झोपेत, कोणाला त्रास न देता. दिवाळी होऊन फार दिवस झाले नव्हते. आजारपण असं नव्हतंच, त्यामुळे ती भाऊबीज शेवटची आहे हे त्यांनाही माहीत नव्हतं आणि आम्हालाही नव्हतं. ते बरंच झालं. माहीत असतं तर कोणीतरी काहीतरी वेगळं बोललं असतं.

त्या भाऊबिजेच्या सकाळी ते नेहमीसारखेच निघाले. हौद्यात मटाराचं एकच पोतं, मार्केट यार्डातून आदल्या दिवशी आणलेलं. मी बाल्कनीतून बघत होते. ऊन चढायच्या आत परतले. गेटमधून आत वळताना इंडिकेटर लावला, आणि सवयीने हातही बाहेर काढला. गाडी उलटी घेऊन कोपऱ्यात लावली. उतरून मागच्या चाकाला वीट लावली. घडीची शिडी उघडली, बहिणीला हात दिला. तिचे केस पांढरे झाले होते, पण घरटं तेच. मग बॉनेट उघडून तळहात धरला, थोडा वेळ, आणि काढला.

वर बघून हाक मारली, "वहिनी, माल पोच. उतरवून घ्या."

"माल कुणाला म्हंतोस रं, मुडद्या."

"मटार कमी भरलाय, वहिनी."

मी म्हटलं, चहा टाकते, या वर दोघं.